बाईसाहेबांचे पाय

१४ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही सुखरूप पोचलात हे वन्संनी फोनवर सांगितलं. तुमच्याशी फोनवर बोलण्यात काही राम नाही. तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून हे पत्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरतंय ते कळवा, म्हणजे मी लॉन्ड्रीतून सुट्टी काढून येईन. लेकीच्या घरी गेलात म्हणून सुनेनं यायचं नाही असं काही नाही.

घर ठीक आहे. तुमच्या खोलीची खिडकी मी रोज उघडते आणि संध्याकाळी लावते. सध्या धुकं इतकं उतरतं की मागचं अंगण दिसतच नाही. दारातून पाहिलं की वाटतं, आपलं घर कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवलंय.

बाईसाहेब मजेत आहेत. थंडीमुळे जरा आळसावल्यात, एका जागी बसून असतात. पण आवाज खणखणीत आहे. मी कामावरून आले की अख्ख्या गल्लीला कळतं.

काळजी करू नका.

तुमची सून


२३ नोव्हेंबर

सूनबाई,

पत्र मिळालं. ऑपरेशनचं अजून काही नाही. डॉक्टर रोज नवी बाटली डोळ्यात रिकामी करतात आणि "बघू" म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरनं "बघू" म्हणावं यासारखा विनोद नाही. तोपर्यंत मी खिडकीशी बसतो. संध्याकाळी समोरच्या रस्त्यावर दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती एक रंगीत कडं दिसतं. इंद्रधनुष्य गोल करून खांबाला लटकवावं तसं. तुझी नणंद म्हणते, तसं काही नाही. मी म्हणतो, तुला दिसत नसेल तर माझा काय इलाज?

बाईसाहेबांबद्दल तू मोजून चारच वाक्यं लिहिलीस. मी आयुष्यभर खुर्च्या विणल्या. वेत कुठे ताणलाय आणि कुठे नुसता दडपलाय हे मला बोटांना कळतं. ती चालते का?

तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्या गृहस्थानं खुर्ची दुरुस्तीला आणली, खुर्चीखाली टोपली ठेवली, टोपलीत हे पिवळं पिल्लू. "उद्या दोन्ही नेतो," म्हणाला. खुर्ची न्यायला आला, बदक न्यायला नाही आला. तेव्हापासून ती घरात मालकिणीसारखी वागते. आळस तिच्या रक्तात नाही. दारापर्यंत येत नसेल तर काहीतरी बिनसलंय.

तिला पाव दुधात भिजवून दे. आवडतो.

खरं लिही.

बाबा


२ डिसेंबर

बाबा,

खरं लिहिते. ती चालत नाही.

तुम्ही गेलात त्या आठवड्यातच लंगडायला लागली होती. मला वाटलं, रुसलीय. मग एका सकाळी पाहिलं तर उठायला जाते आणि छातीवर पडते. पंखांनी फरशी ढकलत पाण्याच्या भांड्यापर्यंत सरकते. मी पाहतेय हे कळलं की थांबते आणि इकडेतिकडे बघते, जणू मुद्दामच बसलीय. तुम्ही डोळ्यांच्या चिंतेत, तुम्हाला कसं सांगू? म्हणून आळस लिहिला.

टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. उंच माणूस आहेत, टेबलाशी वाकून उभे राहतात आणि बोलतात फार कमी. त्यांनी तिला उलटी धरून तळवे दाखवले. उजव्या पायाला मोठा घट्टा, आत पू. दोन्ही पायांत जोर नाही. आपलं सिमेंटचं अंगण तिला कडक पडतं, वजनही जास्त आहे. आणि बाबा, पाव बंद करायचा आहे. पावानं पोट भरतं, पण पायांना लागतं ते त्यात नसतं. आता मटार, हिरवा पाला आणि दाण्यात मिसळायला औषधाच्या दुकानातली यीस्टची पूड. रोज पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरायचा, मलम, पट्टी. खाली जाड मऊ काहीतरी घालायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. "तरंगू द्या," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात वजन राहत नाही. पाय आपोआप हलतील."

आता आपल्याकडे तरंगण्याइतकं पाणी कुठे? टबात ती मावते, पण वळता येत नाही. म्हणून मी एक उद्योग केला.

लॉन्ड्रीत मागच्या बाजूला चादरी शेवटच्या पाण्यातून काढायचा तो लांब हौद आहे ना, तो काम संपल्यावर तसाच भरलेला असतो. साबण नसतो, पाणी कोमट असतं. मालकीण गेल्यावर मी टोपली आत आणली आणि तिला हळूच सोडलं.

बाबा, तुम्ही हवे होतात. सगळीकडे वाफ, वर दोरीवर चादरी लटकलेल्या, त्यांतून संध्याकाळचा उजेड दुधासारखा झिरपत होता. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात ही पांढरी. काही क्षण नुसती थांबली. मग मान लांब केली, पाणी पाठीवर उडवलं, आणि निघाली. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता. मी पालथ्या बादलीवर बसले होते. मला वाटलं, आपणही कुठेतरी सुटून चाललोय. डोळा लागला असावा.

जाग आली ती मालकिणीच्या आवाजानं. चष्मा विसरल्या म्हणून परतल्या होत्या.

"हे काय आहे?"

"बदक आहे, बाई."

"ते मला दिसतंय. माझ्या हौदात काय करतंय?"

"पायांचा व्यायाम."

बाईसाहेब त्यांच्यासमोर आल्या, मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांना न्याहाळलं, आणि भुंकल्यासारखं ओरडल्या. मालकीण म्हणाल्या, "हिला कामावर ठेवलं असतं तर तुमच्यावर ओरडायचे माझे कष्ट वाचले असते." मग म्हणाल्या, "नंतर हौद घासून काढायचा. एक पीस दिसलं तर दोघींना बाहेर काढीन."

इतकी वर्षं त्या मला पाण्यात पाहत होत्या. आता बदकालाही पाण्यात पाहिलं, आणि निवळल्या.

तुमची सून


११ डिसेंबर

सूनबाई,

पाव बंद. ठीक. आजपासून मीही पाव सोडला.

आता नीट ऐक. उंटावरून शेळ्या हाकतोय म्हण, पण ऐक. माळ्यावर एक खुर्ची आहे, बूड गेलेली, नुसती चौकट राहिलेली. ती खाली काढ. उशीचा जुना अभ्रा घे. पायांसाठी दोन भोकं पाड, आणि मागे एक तिसरं, ते कशासाठी ते तुला कळेल. अभ्रा चौकटीला चारी बाजूंनी बांध. बाईसाहेबांना त्यात बसव. पाय खाली लोंबतील. पंजे जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेव, भार पडता कामा नये. छातीला फडकं काचत नाही ना, ते हाताने पाहा. डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं.

तिच्यासमोर आरसा ठेव. एकटी बसली की हिंमत सोडते.

इथे सगळं ठीक.

बाबा


२ जानेवारी

बाबा,

खुर्ची जमली. पहिल्या दिवशी तिनं तिसऱ्या भोकाचा उपयोग माझ्या चपलेवर करून दाखवला. आता रोज सकाळी ती खुर्चीत, मी तिच्यासमोर चहा घेऊन. दोघी आरशात बघतो. पंजे टेकवते, सोडते, पुन्हा टेकवते. पेटी शिकणारं माणूस एकच स्वर दाबत बसतं तसं. कधीकधी सकाळचं धुकं दारातून आत येतं आणि आरशात आम्ही दोघी पुसट होत जातो. त्या वेळी मला काही आठवत नाही आणि काही हवंही वाटत नाही. हे गेल्यापासून इतकं निवांत मला कधी वाटलं नव्हतं.

पण हे सगळं छान छान झालं. घट्टा अजून आहे. एकदा फुटला, पुन्हा भरला. पट्टी सोडताना ती ओरडत नाही, नुसती डोळे मिटते. ते जास्त वाईट. दोनदा मी कामावर उशिरा पोचले. हातांना मिठाच्या पाण्यानं भेगा पडल्यात. शेजारीण म्हणते, "एवढं तर कुणी माणसासाठी करत नाही." मी म्हटलं, माणसासाठी करायची वेळच मिळाली नाही. तो ताप तीन दिवसांत घेऊन गेला यांना.

जाऊ दे. तुमचं ऑपरेशन झालं का? वन्सं फोनवर विषय बदलतात. आणि तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका कागदावर पाच ओळी. पूर्वी तुम्ही समासातसुद्धा लिहायचात. माझ्यावर रागावलात का? पाव बंद केला म्हणून?

परत कधी येता?

तुमची सून


१३ जानेवारी

सूनबाई,

दुसऱ्याचं ओझं किती वाहशील?

पायात बेडी घालून घेऊ नकोस.

मोकळं कर. मोकळी हो.

माझं काही म्हणणं नाही.

बाबा


२० जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र ओट्यावर ठेवून मी दोन दिवस त्याच्याभोवती फिरले. मग वाटलं, ज्यानं तिला तळहातावर वाढवलं तोच सांगतोय, तर मी कोण? डॉक्टरांनी मागे एकदा सांगितलं होतं, तिला फार सोसवत नाहीसं वाटलं तर एक इंजेक्शन असतं, झोपेचं. दुखत नाही.

काल मी तिला घेऊन गेले. टोपलीत माझी लोकरी शाल अंथरली होती. रस्ताभर ती टोपलीतून डोकं काढून बघत होती. दुकानं, सायकली, एक लाल फुगा. तिला वाटलं असेल, फिरायला निघालोय.

दवाखान्यात डॉक्टरांना म्हटलं, "घरच्यांचं म्हणणं आहे की मोकळं करावं."

"आणि तुमचं?"

मी टोपलीतली शाल सारखी करत राहिले. त्यांनी तिला टेबलावर घेतलं, पट्टी सोडली, तळवा दाबून पाहिला. मग खिशातून मटारची शेंग काढली. बाबा, एवढा मोठा माणूस खिशात शेंगा घेऊन फिरतो! एक दाणा पुढे धरला. तिनं तो घेतला. मग शेंगच ओढून घेतली, मग त्यांच्या कोटाच्या खिशात चोच घातली.

डॉक्टर म्हणाले, "जी खिसा तपासते तिला मी इंजेक्शन देत नाही. खाणं सोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तळवा सुकतोय, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही." मग टोपली माझ्या हातात देताना म्हणाले, "घरच्यांना सांगा, पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये."

मी बाहेर पायरीवर बसले आणि रडले. जाणारेयेणारे बघत होते. बदकही बघत होतं.

आता मी रागावलेय. तुम्ही असं लिहिलंतच कसं? चार ओळींत! जिला पाव भिजवून घालायचात, तिला बेडी म्हणता? मला सांगा, तिकडे तुम्हाला झालंय तरी काय?

सून


२८ जानेवारी

मुली,

तुझी पत्रं तुझी नणंद वाचून दाखवते. काल आलेलं वाचताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हे काय करून बसलात?" मग माझ्या ध्यानात आलं.

अगं, मी बदकाबद्दल लिहिलंच नव्हतं. माझ्याबद्दल लिहिलं होतं.

मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू काढता येतो. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत मिळत नाही, आहे ती टिकावी म्हणून थेंब घालतात. निघण्याआधीच मला माहीत होतं. दिव्यांभोवतीची ती कडी सुंदर दिसायची म्हणून तुला लिहिली. आता कडी आहेत, दिवे नाहीत. समोरचं माणूस म्हणजे खिडकीबाहेरच्या धुक्यात कुणीतरी उभं असावं तसं. कागदावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो आणि तिच्या कडेनं लिहितो, म्हणून अक्षर मोठं. हे पत्र लिहायला दुपार गेली. माझा हात मला दिसत नाही, पण हलतोय एवढं कळतं.

मी ऑपरेशनसाठी आलो नाही. निघून आलो. माझा मुलगा गेला, तुला पस्तिशीही गाठायची आहे. त्यात मी आंधळा होणार. मला हाताला धरून न्यायचं, ताटात कुठे काय आहे ते सांगायचं, आणि तू नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हणून न सांगता बाजूला झालो. घर तुझ्या नावावर करायला सांगितलंय. विकून टाक, दुसरीकडे जा, चार माणसांत राहा. "मोकळं कर" म्हणजे घर. "मोकळी हो" म्हणजे माझ्यापासून.

आणि तू माझ्या लिहिण्यावरून तिला घेऊन दवाखान्याच्या दारात गेलीस. रात्रभर माझ्या डोळ्यासमोर ती टोपलीतून फुगा बघणारी मान येत होती. तेवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं.

बाबा


४ फेब्रुवारी

बाबा,

मी शनिवारी येते. सामान बांधून ठेवा.

वन्सं, हे मोठ्यानं वाचा. मध्ये थांबू नका.

बाबा, तुम्ही मला मोकळी करायला निघालात, मला विचारलंत? मी उद्या दुसरं लग्न करीन, नाहीतर करणार नाही. या गावात राहीन, नाहीतर जाईन. ते माझं मी बघीन, त्यासाठी तुम्ही अंधारात जाऊन बसायची गरज नाही. गेले तीन महिने मी कामावरून आले की घरात एकच आवाज असतो, तो बदकाचा. "दार लाव, वारा येतोय," असं ओरडणारं कुणी नाही. मी दार लावते, तरी वारा येतच राहतो.

घर माझ्या नावावर करणारे तुम्ही कोण लागून गेलात! घर माझ्या नावावर, तर त्यात कोण राहणार हेही मीच ठरवणार. तुमची खोली भाड्यानं द्यायची नाही, असं मी ठरवलंय.

ताटात कुठे काय आहे ते सांगायला किती वेळ लागतो? मी पट्टी बदलते, खुर्चीत बसवते, हौद घासते. मला नाही म्हणता येत नाही म्हणून मी करते, असं तुम्हाला वाटतं. येतं मला नाही म्हणता. मालकिणीनं रविवारी बोलावलं, मी नाही म्हटलं. तुम्ही निघून गेलात त्यालाही मी आज नाही म्हणतेय.

डोळ्यांचे थेंब किती वेळा घालायचे ते वन्संकडून नीट लिहून घेते.

तुमची सून


१६ फेब्रुवारी

वन्सं,

आम्ही पोचलो. बसमध्ये बाबांनी सगळ्या रस्त्याचा तोंडानं हिशेब ठेवला, इथे वळण आलं, इथे पूल असेल. पूल आलाच नाही, तो वेगळ्या रस्त्यावर आहे, पण मी "हो, आला" म्हटलं. तुम्ही सांगू नका.

घरात शिरताना त्यांनी माझा हात सोडला. भिंतीला बोटं लावत एकटे चालत गेले. त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबून म्हणाले, "खिडकी उघडी आहे." मी म्हटलं, "रोज उघडते." ते तिथेच बराच वेळ उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

बाईसाहेबांचा आवाज आधीच कानी पडू नये म्हणून मी त्यांना मुद्दाम शेजारणीकडे ठेवलं होतं. तुमच्याकडे आले तेव्हा सांगितलंच होतं, हल्ली ती चार-दोन पावलं टाकते. डाव्या पायावर झुकून, दर वेळी आता पडणार असं वाटायला लावून. पण दूरवर जायचं तर मलाच उचलावं लागतं. डॉक्टर म्हणतात, ती पूर्वीसारखी चालेल असं समजू नका. मी समजत नाही. बाबांनाही सांगितलंय.

अंगणात आता जुनी सतरंजी अंथरलीय आणि मालकिणीनं लॉन्ड्रीतला गळका म्हणून टाकलेला एक मोठा टब दिलाय. बूड झाळून घेतलंय. "परत मागणार नाही, पण आभारही मानू नका," असं म्हणाल्या. कोमट पाणी भरलं आणि तिला आणून सोडलं. धुकं होतंच, अंगणाची भिंत दिसत नव्हती, नुसता टब आणि आम्ही तिघं. बाबा कडेला पाटावर बसले. ती त्यांच्यापासून लांब, पलीकडच्या कडेला जाऊन पंख साफ करत बसली. ओळखही दाखवेना. मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, विसरली की काय. मी तिला इकडे ढकलायला गेले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तिची ती येईल."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पाण्यात घालून ठेवले, तळवे वर करून. हाक मारली नाही, काही नाही. पाण्यावरून वाफ निघत होती आणि तिच्यात त्यांचे हात मला दिसेनासे झाले.

किती वेळ गेला कोण जाणे. ती वळली. सावकाश, काही कामच नाही अशी, त्यांच्या बाजूला आली आणि बरोबर त्यांच्या हातांवर येऊन थांबली. बाबांनी मान थोडी वाकडी केली, कान देतात तशी. मग त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मारतेय गं," म्हणाले. "दोन्ही मारतेय. माझ्या हातावर पाय मारतेय."

"मग सांगितलं नव्हतं मी?"

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. "पण कळलं आत्ता."

पाणी निवत आलं होतं. मी उठून दुसरं पातेलं चुलीवर चढवलं.

तुमची वहिनी